रब्बी आवर्तनाआधी : पाणी अर्ज, पाण्याची नोंद आणि पाणीपट्टीचा हिशेब



रब्बीची तयारी सुरू झाली आहे. बियाणं आणि बीजप्रक्रिया यावर मागच्या दोन मेसेजमध्ये बोललो. आजचा मेसेज पिकावर नाही, पाण्याच्या कागदावर आहे. मोठा आहे, म्हणून पाच भाग केलेत. जेवणं झाल्यावर सवडीनं वाचा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

मागच्या आठवड्यात बांधावर फिरताना एका काकांनी मला विचारलं, "मॅडम, पाऊस देवाचा, नदी सगळ्यांची. मग पाण्याला अर्ज कसला आन् पट्टी कसली?" प्रश्न बरोबर आहे. बऱ्याच जणांच्या मनात तोच असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

*भाग १ : पैसे नेमके कशाचे?*

धरणातून, नदीतून किंवा कालव्यातून जसं आहे तसं, शुद्ध न करता जे पाणी मिळतं त्याला कच्चं पाणी म्हणतात. आपण पिकाला देतो ते हेच. नगरपालिका किंवा कारखानासुद्धा आधी कच्चंच पाणी उचलतात आणि मग आपल्या खर्चानं शुद्ध करतात.

या कच्च्या पाण्याचा दर म्हणजे पाण्याची किंमत नाही. पाणी साठवून, सांभाळून तुमच्या चारीपर्यंत आणायला जो खर्च येतो त्यातला तो वाटा आहे. दारांची दुरुस्ती, कालव्यातला गाळ काढणं, फुटलेलं अस्तरीकरण, माणसांचे पगार, मोजमाप आणि कागदपत्रं हे सगळं त्यात येतं. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात हेच तत्त्व आहे : सिंचन व्यवस्थापन, प्रशासन, देखभाल-दुरुस्ती यांचा खर्च दरातून निघाला पाहिजे. धरण बांधायला लागलेलं भांडवल शेतकऱ्याच्या पट्टीतून वसूल करायचं नाही.

दर ठरवण्याचे निकष हे प्राधिकरण ठरवतं आणि दर तीन वर्षांनी त्यांचा फेरविचार करायचा असतो. ठोक पाण्याच्या दराचा पहिला आदेश २०११ मध्ये निघाला. आदेशाआधी मसुदा जाहीर होतो, लोकांची मतं मागवतात, सुनावणी होते. तिथं शेतकरीही बोलू शकतो. आपण जात नाही, ही गोष्ट वेगळी.

दर सगळ्यांना सारखा नसतो. शेतीला सगळ्यात कमी, पिण्याच्या पाण्याला त्याहून जास्त आणि उद्योगाला सगळ्यात जास्त. उद्योगातही बाटलीबंद पाणी किंवा शीतपेय बनवणारे, म्हणजे पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे, त्यांना आणखी वरचा दर. शेतीतही हंगामाप्रमाणे फरक आहे. खरिपात कमी, रब्बीत त्याहून जास्त, उन्हाळ्यात सर्वांत जास्त. कारण उन्हाळ्यात धरणातल्या एकेका थेंबावर दहा जणांचा डोळा असतो, आणि बाष्पीभवनही जास्त होतं.

*भाग २ : नोंद कशी करायची?*

पाटबंधारे खात्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. त्यात तीन हंगाम :
▪️ खरीप : १ जुलै ते १४ ऑक्टोबर
▪️ रब्बी : १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारी अखेर
▪️ उन्हाळी : १ मार्च ते ३० जून

१५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते बघून कालवा सल्लागार समिती रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचं नियोजन करते. म्हणून आपल्या मागणीचा कागद त्या सुमारास वर पोचलेला असला पाहिजे.

हा कागद म्हणजे *नमुना नंबर ७*, आपला पाणी अर्ज. शाखा कार्यालयाच्या जाहीर सूचनेत शेवटची तारीख दिलेली असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लागते, आठवडाभर रोज तिकडं नजर टाका.

अर्ज द्यायचा कुठं? तुमच्या चारीवर पाणी वापर संस्था चालू असेल आणि व्यवस्थापन तिच्याकडं आलेलं असेल, तर संस्थेच्या सचिवाकडं. नसेल, तर थेट जलसंपदाच्या शाखा कार्यालयात.

अर्ज भरताना या चुका हमखास होतात :

१) *एकर आणि हेक्टर.* अर्जात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहायचं असतं. एक एकर म्हणजे ४० आर. दोन एकर गहू असेल तर ०.८० लिहा. हेक्टरच्या रकान्यात २ लिहिलं, तर अडीचपट क्षेत्राची पट्टी येणार.

२) *पीक एक, नोंद दुसरी.* क्षेत्रावर आकारणी असते तिथं दर पिकाप्रमाणे बदलतो. अर्जात हरभरा आणि रानात ऊस असं निघालं तर पंचनामा होतो. ई-पीक पाहणीतही पीक आणि सिंचनाचं साधन आपणच मोबाईलवरून भरतो. दोन्हीकडं एकच लिहा.

३) *थकबाकी.* मागची पट्टी बाकी असेल तर मंजुरी अडते. निदान किती बाकी आहे ते आधी विचारून घ्या.

४) *वाट्यानं किंवा ठोक्यानं केलेलं रान.* सातबारा मालकाच्या नावावर आणि अर्ज तुमच्या नावावर, असं असेल तर मालकाची संमती आधी घेऊन ठेवा. पाणी सुटल्यावर मालक पुण्या-मुंबईहून येत नाही.

५) *पोच.* अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर अर्ज दिला नाही असंच धरा. पोचेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

शेततळं कालव्याच्या पाण्यानं भरायचं असेल किंवा कालव्यावर, नदीवर मोटर टाकायची असेल, तर साध्या पाणी अर्जावर विसंबू नका. उपशाला वेगळी परवानगी लागते. आधी विचारा, मग पाईप टाका.

*भाग ३ : एकानं नोंद केली नाही तर काय बिघडतं?*

आता मुद्द्याचं. बरेच जण म्हणतात, "चारीला पाणी आलं की रानात येतंच. अर्ज कशाला? तेवढीच पट्टी वाचली."

एक हिशेब करू. वहीत लिहून बघा.

एका पोटचारीवर ४० एकर रब्बी आहे. एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचं. एका एकरात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ४० घनमीटर. म्हणजे साडेसात सेंटिमीटरला एकरी ३०० घनमीटर. (एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.)

४० एकर × ३०० = १२,००० घनमीटर रानात पोचलं पाहिजे. चारीत पाझर आणि गळती २० टक्के धरली, तर चारीच्या तोंडाशी १५,००० घनमीटर सोडावं लागेल.

चारीला रोज सुमारे २,१३० घनमीटर पाणी मिळतंय असं धरू. १५,००० ला २,१३० नं भागा. *सात दिवस.* म्हणजे सात दिवस दार उघडं राहिलं तर शेवटच्या एकरापर्यंत पाणी जातं.

आता समजा ४० पैकी १५ एकरांचे अर्जच आले नाहीत. कागदावर क्षेत्र राहिलं २५ एकर. मागणी निघाली २५ × ३०० = ७,५०० आणि गळती धरून ९,३७५ घनमीटर. त्याला दिवस लागतात *साडेचारच्या आत.* पाचव्या दिवशी दार बंद.

पण रानात पाणी तर चाळीसही एकरवाले घेणार. वरचे आधी घेणार. मग कोरडं कोण राहणार? ज्यानं अर्ज केला नाही तो नाही. चारीच्या शेवटाला आहे तो. त्यानं बिचाऱ्यानं अर्ज केलेला असेल, पट्टीही भरलेली असेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं घर चारीच्या टेलला आहे. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमचा अडीच एकर गहू दाणा भरायच्या अवस्थेत होता. आवर्तन सुटलं, वरच्या रानात पाणी दिसलं, आणि आमची पाळी यायच्या आदल्या दिवशी दार बंद झालं. वडील शाखा कार्यालयात गेले. तिथल्या रजिस्टरात आमच्या चारीवर निम्म्याच लोकांची नावं होती. जेवढी नोंद तेवढं पाणी सुटलं होतं. साहेबांनी रजिस्टर वडिलांपुढं ठेवलं. वडील घरी येऊन कोणाला काही बोलले नाहीत, कारण त्या वर्षी त्यांनी स्वतःही अर्ज केला नव्हता. "दरवर्षी येतंच की," असं म्हणाले होते. गहू वाळला नाही, पण दाणा बारीक पडला. व्यापाऱ्यानं दर पाडला. वाचलेली पाणीपट्टी आणि गेलेला पैसा यांची बरोबरीच नव्हती.

पट्टी किती वाचते तेही बघा. हिशेब कळावा म्हणून दर हजार घनमीटरला १०० रुपये *धरू* (हा खरा दर नाही, खरा दर संस्थेत किंवा शाखेत विचारा). एका एकराच्या एका पाळीचं पाणी गळतीसह ३७५ घनमीटर. म्हणजे साडेसदतीस रुपये. यावर एका कांद्याच्या गोणीचा भाव आठवा, आणि ठरवा.

*भाग ४ : पाणी मोजून घ्या*

आकारणीच्या दोन पद्धती आहेत. एक, क्षेत्र आणि पीक बघून हेक्टरी पट्टी. दुसरी, घनमापन, म्हणजे जेवढं पाणी मोजलं तेवढे पैसे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं, आणि सभासदांकडून काय दरानं घ्यायचं ते संस्थेची सभा ठरवते. कोटा ठरलेला असतो, त्या कोट्यात कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याचं शेतकऱ्यानं ठरवायचं. संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल या तिन्हीकडचे लोक घ्यायचे, असंही कायदा सांगतो. टेलवाल्यांनो, ही जागा सोडू नका.

नाशिक जिल्ह्यातलं वाघाड बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिथं कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या आणि १९९० नंतर पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. सुरुवात हेडवाल्यांनी केली नाही, ज्यांना पाणी पोचत नव्हतं त्यांनी केली. पुढं सगळ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या.

मोजायचं कसं? लहान चारीवर बऱ्याच ठिकाणी व्ही-नॉच असतो, म्हणजे इंग्रजी 'व्ही' सारखी खाच असलेला पत्रा. खाचेतून पडणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. ९० अंशाच्या खाचेसाठी ढोबळ आकडे :

▪️ १० सें.मी. : सेकंदाला ४.४ लिटर : तासाला सुमारे १६ घनमीटर
▪️ १५ सें.मी. : सेकंदाला १२ लिटर : तासाला सुमारे ४३ घनमीटर
▪️ २० सें.मी. : सेकंदाला २४.७ लिटर : तासाला सुमारे ८९ घनमीटर
▪️ २५ सें.मी. : सेकंदाला ४३ लिटर : तासाला सुमारे १५५ घनमीटर

वरच्या हिशेबात रोजचे २,१३० घनमीटर धरले ते इथूनच : २० सेंटिमीटर, तासाला ८९, चोवीस तास.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उंची १० ची २० झाली म्हणजे पाणी दुप्पट होत नाही, *साडेपाच पटीपेक्षा जास्त* होतं. त्यामुळं वाचनातली छोटी चूक मोठी पडते. पट्टीवर २० सेंटिमीटर असताना कोणी २२ लिहिले, तर वहीत पाणी २७ टक्के जास्त चढतं. दोन बोटांची चूक, आणि पट्टी सव्वापट. उलटं झालं, म्हणजे २२ असताना २० लिहिले, तर खात्याचं नुकसान. दोघांचंही भांडण नको असेल तर वाचन एकत्र करा.

वाचन घेताना :

१) मोजपट्टी खाचेच्या तोंडावर धरू नका. तिथं पाणी खाली झुकलेलं असतं. खाचेच्या मागं, पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर मोजा. म्हणजे २० सेंटिमीटर पाणी असेल तर मागं ८० सेंटिमीटरवर.

२) पट्टीचा शून्य खाचेच्या तळाच्या टोकाशी जुळलेला आहे का ते आवर्तनाआधी तपासा.

३) खाचेमागं गाळ साचला असेल तर काढा. गाळ असेल तर आकडा खोटा येतो.

४) पाणी खाचेतून खाली मोकळं पडलं पाहिजे. पुढं पाणी तुंबून खाच बुडली तर वरचे आकडे लागू पडत नाहीत.

५) सकाळ-संध्याकाळ वाचन घ्या. संस्थेचा माणूस आणि पाटकरी दोघांची वहीत सही. सोबत पट्टीचा मोबाईल फोटो, तारीख-वेळेसह.

तुमच्याकडं व्ही-नॉच नसून फ्लूम असेल तर त्याचा तक्ता वेगळा असतो. तो शाखेतून मागून घ्या आणि संस्थेच्या भिंतीवर चिकटवा. क्युसेकमध्ये बोलणाऱ्यांसाठी : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तासाला साधारण १०२ घनमीटर. एक तास एक क्युसेक चालला की एका एकरात अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच पाणी.

*भाग ५ : बिल हातात आल्यावर*

बिल आलं की रागावून खिशात कोंबू नका. पाच गोष्टी ताडून बघा :

✔️ गट नंबर आणि नाव बरोबर आहे का
✔️ क्षेत्र अर्जाइतकंच आहे का (हेक्टर-आर)
✔️ हंगाम आणि पीक बरोबर आहे का
✔️ मागची थकबाकी वेगळी दाखवली आहे का, आणि तुम्ही भरलेली पावती तिच्यातून वजा झाली आहे का
✔️ पट्टीवर २० टक्के स्थानिक कर लागतो, तो मूळ पट्टीवरच लावला आहे का

चूक दिसली तर तोंडी बोलून सोडू नका. साध्या कागदावर अर्ज, सोबत नमुना ७ ची पोच, पावतीची झेरॉक्स, आणि पुन्हा पोच. बिनमंजुरीचं पाणी घेतलं म्हणून पंचनामा झाला असेल तर जादा दरानं आकारणी होते. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यातलं क्षेत्र वाचा. क्षेत्र चुकीचं असेल तर सहीशेजारीच तसं लिहा.

आणखी एक, आपल्या कंपनीबद्दल. संकलन केंद्रावर टोमॅटो आणि भाजी धुवायला, क्रेट धुवायला जे पाणी लागतं ते शेतीत मोडत नाही, तो बिगर सिंचन वापर. कालव्याचं पाणी तिकडं वळवायचं तर वेगळी मंजुरी आणि वेगळा दर लागतो. म्हणून धुण्याचं काम केंद्राच्या विहिरीवर ठेवलं आहे आणि तिथं मीटर बसवला आहे. महिन्याचं वाचन फळ्यावर लिहिलेलं असतं. सभासदांनी येता-जाता बघावं आणि विचारावं. सभासदांना नोंद करा म्हणायचं आणि आपण करायची नाही, असं चालणार नाही.

*या आठवड्यात करायची कामं*

1️⃣ सातबारा आणि मागच्या पाणीपट्टीची पावती शोधून एका पिशवीत ठेवा.
2️⃣ रब्बीचं पीक आणि क्षेत्र आरमध्ये काढून ठेवा.
3️⃣ आपल्या चारीवर अर्ज न केलेले कोण आहेत ते बघा. भांडायला नाही, सांगायला. वरचा हिशेब त्यांना दाखवा.
4️⃣ बुधवारी सकाळी ९ ते १२ संकलन केंद्रावर या. नमुना ७ भरून द्यायला मी तिथं आहे, पैसे लागणार नाहीत. ज्या ताई स्वतः शेती बघतात त्यांनी जरूर या, अर्ज तुमच्या नावानं भरू.

त्या काकांना मी बांधावर एवढंच म्हणाले : पाणी देवाचं खरं, पण दार माणूस उघडतो, आणि तो रजिस्टर बघून उघडतो. काकांनी विचारलं, "मग माझं नाव आहे का त्यात?" फोन लावून विचारलं. नव्हतं. बुधवारी येतो म्हणालेत.

तुमचं आहे का, ते विचारून घ्या. मेसेज आपल्या चारीच्या ग्रुपवर टाका, खास करून हेडच्या लोकांना. शंका असेल तर गटप्रमुखांना सांगा किंवा इथंच व्हॉइस मेसेज करा, संध्याकाळी सातनंतर उत्तर देते.

पुढच्या मेसेजमध्ये : गव्हाच्या पाण्याच्या नाजूक अवस्था आणि दोनच पाळ्या मिळाल्या तर कधी द्यायच्या.


तुमची कृषी मार्गदर्शक